‘समोरचा पुढचा डाव गमावतो’ : नियम वाचायला शिकवणारा पत्त्यांचा खेळ

आधी एक वाक्य वाचा : ‘समोरचा पुढचा डाव गमावतो.’

अर्थ काय लावलात? बहुतेक जण म्हणतील, पुढची पाळी समोरच्याला मिळणार नाही, म्हणजे मी सलग दोनदा खेळणार. पण शेजारी बसलेला मित्र म्हणेल, ‘नाही रे, पुढच्या डावात तो हरला. खेळ खल्लास!’ आणि त्याला चूक म्हणता येत नाही. ‘डाव’ म्हणजे पाळीही होते आणि आख्खा खेळही. ‘गमावणं’ म्हणजे मुकणंही होतं आणि हरणंही.

हा गोंधळ १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला इंग्रजीत प्रत्यक्ष घडला. अमेरिकेतल्या पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठात रिचर्ड गारफील्ड नावाचा विद्यार्थी गणितात पीएच.डी. करत होता. विषय कॉम्बिनेटोरिक्स. सोबतीला एक पत्त्यांचा खेळ बनवत होता आणि मित्रांना हाताने बनवलेले पत्ते देऊन तो तपासून घेत होता. एका पत्त्यावर त्याने साधारण वरच्यासारखंच वाक्य लिहिलं होतं. त्याच्या मनात होतं, समोरच्याची एक पाळी चुकते. पण एक खेळाडू त्याच्याकडे आला आणि म्हणाला की हा पत्ता हातात आला की आपण जिंकणारच! त्याने वाक्याचा दुसरा अर्थ घेतला होता. पत्ता छापायची वेळ आली तेव्हा गारफील्डने वाक्यच उलट्या बाजूने लिहिलं : या पाळीनंतर तुम्ही आणखी एक पाळी घ्या. परिणाम तोच, पण वादाला जागा उरली नाही. तो पत्ता म्हणजे ‘टाइम वॉक’.

१९९३ मध्ये गारफील्डला पीएच.डी. मिळाली आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्याचा खेळ ‘मॅजिक : द गॅदरिंग’ बाजारात आला. (हे वाचून कुणी गाइडकडे सवलत मागायला जाऊ नका.)

आज या खेळाच्या नियमांचा इतिहास सांगायचं कारण खेळ नाही. तुम्ही संशोधनाच्या तयारीत आहात, म्हणजे लवकरच तुम्हीही नियम लिहिणार आहात. कुठला नमुना घ्यायचा, कुठला वगळायचा, ‘सकारात्मक प्रतिसाद’ कशाला म्हणायचं, हे सगळे नियमच. ते लिहिताना वाटतं की यात संदिग्ध काही नाही. गारफील्डलाही वाटलं नव्हतं.

प्रत्येक पत्ता म्हणजे एक छोटा कायदा

खेळ माहीत नसेल तर एवढं पुरे. दोन खेळाडू, प्रत्येकाकडे २० गुण आयुष्य आणि साधारण ६० पत्त्यांचा डेक. काही पत्ते जादूचे मंत्र, काही वस्तू, काही ‘क्रीचर’ म्हणजे लढणारे जीव. क्रीचरवर दोन आकडे असतात, ताकद आणि टिकाव. २/२ म्हणजे दोनचा मार देतो आणि दोनचा मार बसला की मरतो.

बुद्धिबळात नियम पटाबाहेर असतात आणि सोंगट्या ते पाळतात. मॅजिकमध्ये प्रत्येक पत्ता आपला नियम सोबत घेऊन येतो आणि तो मूळ नियमाला खुशाल मोडतो. म्हणून या खेळाचा पहिला सोनेरी नियम असा : पत्ता आणि नियमपुस्तिका यांच्यात विरोध आला तर पत्ता खरा. आणि दुसरा : एक पत्ता ‘करता येतं’ म्हणाला, दुसरा ‘करता येत नाही’ म्हणाला, तर ‘येत नाही’ खरं.

सुरुवातीला शेकड्यांनी असलेले हे पत्ते आज पंचवीस हजारांच्या वर गेले आहेत, आणि कुठलाही पत्ता कुठल्याही दुसऱ्या पत्त्यासमोर येऊ शकतो. सगळ्या जोड्या आधी तपासणं कुणालाच शक्य नाही. त्यामुळे प्रश्न टेबलावर निर्माण होतात, ऐन डावात, आणि दोघांनाही आपला अर्थ बरोबर वाटत असतो.

आधी कोण? १९९३ ते १९९९

पहिला मोठा घोळ क्रमाचा. माझा २/२ अस्वल समोर आहे. तुम्ही त्याच्यावर ‘लाइटनिंग बोल्ट’ टाकता, तीनचा मार. मी लगेच ‘जायंट ग्रोथ’ टाकतो, या पाळीपुरते अस्वलाला +३/+३. अस्वल जगलं की मेलं?

सुरुवातीच्या नियमांत याचं उत्तर मंत्राच्या जातीवर अवलंबून असायचं. ‘इन्स्टंट’ वेगळे, ‘इंटरप्ट’ वेगळे. कुणी कुणाला मध्येच तोडायचं याचे नियम वेगळे. मार लगेच बसत नसे, तो शेवटी मोजला जाई, आणि तो अडवायला आणखी एक स्वतंत्र टप्पा असे. एकेक नियम त्या त्या अडचणीपुरता शहाणपणाचा होता. सगळे मिळून मात्र एक जाळं झालं होतं.

१९९९ मध्ये सहाव्या आवृत्तीबरोबर ‘इंटरप्ट’ ही जातच रद्द झाली आणि तिच्या जागी ‘स्टॅक’ आला. आपल्याकडच्या मडक्यांच्या उतरंडीसारखा. शेवटी ठेवलेलं मडकं सगळ्यात आधी उतरतं. तुम्ही बोल्ट टाकला, त्यावर मी जायंट ग्रोथ ठेवला, तर आधी ग्रोथ उतरतो. अस्वल ५/५ होतं, मग तीनचा मार बसतो, अस्वल जगतं. पण मी आधी ग्रोथ टाकला आणि तुम्ही त्याला उत्तर म्हणून बोल्ट टाकला, तर आधी बोल्ट उतरतो. अस्वल मेलं, आता ग्रोथला लक्ष्यच नाही. पत्ते तेच दोन, क्रम बदलला की निकाल बदलतो. पण क्रमाबद्दल आता वाद नाही.

याच बदलात एक गंमत झाली, आणि ती तुमच्या कामाची आहे. ‘हाउलिंग माइन’ नावाची वस्तू प्रत्येक खेळाडूला त्याच्या पाळीत एक जादा पत्ता देते. जुन्या नियमात असं होतं की वस्तू ‘टॅप’ केली, म्हणजे आडवी केली, की तिचा चालू परिणाम थांबतो. मग खेळाडू काय करायचे? समोरच्याची पाळी आली की दुसऱ्या पत्त्याने आपलीच माइन आडवी करायचे. जादा पत्ता मला मिळतो, तुला नाही! १९९९ मध्ये तो सर्वसाधारण नियम गेला. आता माइन जुन्या पद्धतीने चालायला हवी असेल तर ‘आडवी नसेल तर’ ही अट त्या पत्त्याच्या मजकुरातच लिहावी लागली, आणि तशी ती लिहिली गेली.

म्हणजे त्या पत्त्याचा अर्धा अर्थ पत्त्यावर नव्हताच, तो पुस्तिकेत होता. पुस्तिका बदलली तर पत्त्यावरचं एकही अक्षर न हलता अर्थ बदलला असता. आता एखाद्या जुन्या पेपरमधला ‘नेहमीच्या पद्धतीने धुतलं’ हा शब्दप्रयोग आठवा. कुणाची नेहमीची पद्धत? त्या लॅबची, त्या वर्षाची. पेपर आपल्यापर्यंत पोहोचतो, पुस्तिका पोहोचत नाही. मॅजिकवाल्यांनी यावर उपाय म्हणून ‘ओरॅकल’ नावाची अधिकृत नोंद ठेवली. १९९३चा पत्ता हातात असला तरी स्पर्धेत त्याचा अर्थ छापील मजकुरावरून नाही, ओरॅकलमधल्या आजच्या मजकुरावरून ठरतो.

ह्युमिलिटी आणि ओपलेसन्स

आता या खेळातला सगळ्यात गाजलेला पेच. सावकाश वाचा, कागद-पेन्सिल घेतलीत तर उत्तम.

१९९७चा पत्ता ‘ह्युमिलिटी’ : सगळ्या क्रीचरच्या क्षमता जातात आणि ते सगळे १/१ होतात. हा पत्ता स्वतः क्रीचर नाही, ‘एन्चँटमेंट’ आहे, म्हणजे टेबलावर टिकून राहणारा मंत्र. १९९९चा पत्ता ‘ओपलेसन्स’, तोही एन्चँटमेंटच : बाकीचे असे मंत्र क्रीचरही होतात आणि त्यांची ताकद-टिकाव त्यांच्या किमतीएवढी होते. ह्युमिलिटीची किंमत ४.

दोन्ही एकदम टेबलावर आहेत. ओपलेसन्समुळे ह्युमिलिटी क्रीचर झाली. मग ती सगळ्या क्रीचरच्या क्षमता काढते, म्हणजे स्वतःचीही. पण तिची क्षमता गेली तर क्षमता काढणार कोण? मग क्षमता परत आली. आली की पुन्हा स्वतःलाच काढणार...

इथे ‘लेखकाला काय म्हणायचं होतं’ हा प्रश्न विचारून उपयोग नाही. १९९७ मध्ये ह्युमिलिटी लिहिणाऱ्याच्या मनात १९९९चा पत्ता असणं शक्यच नव्हतं. हेतू नावाची गोष्ट इथे अस्तित्वातच नाही. उत्तर शोधून सापडणार नाही, ते ठरवावं लागतं. आणि ते या एका जोडीसाठी नाही, सगळ्यांसाठी एकदाच ठरवावं लागतं.

ठरवलं ते असं. चालू परिणाम सात थरांत लावायचे : पहिला नकलांचा, दुसरा ताब्याचा, तिसरा मजकुराचा, चौथा प्रकाराचा, पाचवा रंगाचा, सहावा क्षमतांचा, सातवा ताकद-टिकावाचा. आता हा पेच थरांतून खाली सोडा. चौथ्या थरात ह्युमिलिटी क्रीचर होते. सहाव्या थरात ती सगळ्यांच्या क्षमता काढते, स्वतःचीही. पण नियम म्हणतो की एकदा लागू व्हायला लागलेला परिणाम पुढच्या थरांतही पुरा होतो, मग त्याला जन्म देणारी क्षमता मध्येच गेली तरी चालेल. म्हणून सातव्या थरात ह्युमिलिटीचा ‘१/१’ अजून जिवंत आहे, आणि ओपलेसन्सचं ‘४/४’ही तिथेच आहे. ही बरोबरी कोण जिंकणार? जो पत्ता टेबलावर नंतर आला तो. ओपलेसन्स नंतर आला असेल तर ह्युमिलिटी ४/४, आणि ह्युमिलिटी नंतर आली असेल तर ती १/१.

हे उत्तर ‘नैसर्गिक’ आहे का? अजिबात नाही. सहाव्याच्या जागी क्षमतांचा थर दुसरा ठेवला असता तर वेगळं उत्तर आलं असतं आणि खेळ तरीही चालला असता. त्याचं महत्त्व एवढंच की ते वाद होण्याआधी ठरलेलं असतं आणि माझ्यासाठी आणि तुमच्यासाठी सारखंच असतं.

‘बरोबरीत नंतरचा जिंकतो’ हे कुठेतरी ऐकल्यासारखं वाटतंय ना? पाणिनीच्या अष्टाध्यायीतही दोन सूत्रं एकाच जागी लागू होऊन भांडली तर काय करायचं याचं एक सूत्र आहे. कात्यायनापासून चालत आलेला त्याचा अर्थ असा की ग्रंथात जे सूत्र नंतर येतं ते लावायचं. त्याने सगळी उत्तरं नीट येत नाहीत, म्हणून परंपरेने जोडीला आणखी बरेच उपनियम तयार केले. केंब्रिजमध्ये पीएच.डी. केलेल्या ऋषी राजपोपट यांचा २०२२ मध्ये गाजलेला प्रबंध म्हणतो की त्या सूत्रातल्या ‘पर’ या शब्दाचा अर्थच वेगळा आहे. ‘नंतरचं सूत्र’ असा नाही, तर ‘शब्दाच्या उजव्या बाजूला लागणारं’ असा. सगळ्या अभ्यासकांना हे पटलेलं नाही, वाद चालू आहे. पण गंमत बघा, भांडण सोडवणाऱ्या नियमाच्याच अर्थावर भांडण! त्यामुळे ‘नियम लिहिला की प्रश्न मिटला’ असं धरून चालू नका.

आणि नियम स्पष्ट झाले म्हणजे सोपे झाले असंही नाही. २०१९ मध्ये ॲलेक्स चर्चिल, स्टेला बिडरमन आणि ऑस्टिन हेरिक यांनी दाखवून दिलं की मॅजिकच्या पत्त्यांनी ट्युरिंग मशीन रचता येतं. म्हणजे कुठल्याही मांडलेल्या डावात पुढे कोण जिंकणार हे सांगणारा सर्वसाधारण अल्गोरिदम असूच शकत नाही. प्रत्येक पायरीचा अर्थ ठरलेला, तरी शेवट सांगता येत नाही. संदिग्धता आणि गुंतागुंत हे दोन वेगळे आजार आहेत, औषधही वेगळं.

‘फ्लॅश’चा धडा

आता मला खरं जे सांगायचंय ते.

१९९६च्या ‘फ्लॅश’ या पत्त्याचं म्हणणं साधारण असं : हातातला कुठलाही क्रीचर थेट टेबलावर ठेवा. मग दोनने कमी केलेली त्याची किंमत भरा, नाहीतर त्याचा बळी द्या. फ्लॅशची स्वतःची किंमत फक्त दोन. खेळाडूंच्या लक्षात आलं की किंमत भरायचीच नाही! क्रीचर क्षणभर येतो आणि मरतो, पण येताना किंवा मरताना होणारा त्याचा परिणाम फुकटात मिळतो.

हे जास्तच ताकदवान आहे असं वाटल्यावर नियम बघणाऱ्यांनी अधिकृत मजकूर बदलला : किंमत भरली नाही तर क्रीचर टेबलावर येणारच नाही. पत्त्यावर एक छापलेलं आणि अधिकृत अर्थ दुसराच. अशा दुरुस्त्यांना ‘पॉवर एराटा’ म्हणायचे, म्हणजे चूक सुधारायला नाही तर ताकद कमी करायला केलेली दुरुस्ती. अशा दुरुस्त्या बऱ्याच पत्त्यांवर झाल्या होत्या.

पुढे नियम बघणाऱ्यांचं धोरण बदललं. पत्ता छापलाय तसाच चालला पाहिजे असं ठरलं. २००७च्या वसंतात फ्लॅशचा मूळ अर्थ परत आला. तोपर्यंत २००६ मध्ये ‘प्रोटिअन हल्क’ नावाचा क्रीचर आला होता. तो मेला की डेकमधून एकूण सहा किमतीपर्यंतचे क्रीचर शोधून टेबलावर आणता येतात. सात किमतीचा हल्क दोन किमतीच्या फ्लॅशने आणायचा, लगेच मारायचा, आणि त्याने आणलेल्या क्रीचरनी पहिल्या-दुसऱ्या पाळीतच खेळ संपवायचा. मे महिन्यात अमेरिकेतल्या कोलंबस शहरात मोठी स्पर्धा झाली, जवळजवळ सगळे जुने पत्ते चालणाऱ्या ‘लेगसी’ प्रकाराची. जिंकला तो हल्क-फ्लॅशचाच डेक. जूनमध्ये लेगसीत फ्लॅशवर बंदी आली.

मग मूळ अर्थ परत आणणं चुकलं का? वरवर पाहता हो. एका चांगल्या स्पर्धेचा विचका झाला, आणि ज्यांनी महिनोन्‌महिने दुसऱ्या डेकची तयारी केली त्यांचं नुकसान झालं. पण मला वाटतं की ते बरोबरच होतं. आधी काय चाललं होतं? परिणाम आवडला नाही म्हणून अर्थ बदलला जात होता. पत्ता वाचणाऱ्याला ते कळायचा मार्गही नव्हता. २००७ नंतर दोन प्रश्न वेगळे झाले. हा पत्ता काय म्हणतो? जे छापलंय ते. तो इथे चालू द्यायचा का? नाही, आणि तो नकार एका उघड यादीत लिहिलेला आहे, तारखेसकट. अर्थ एका जागी, निर्णय दुसऱ्या जागी.

माझी वही

हे मला इतकं का लागलं ते सांगते. पीएच.डी.च्या दुसऱ्या वर्षी मी सूक्ष्मदर्शकाखालच्या चित्रांतल्या पेशी मोजत होते. वहीत नियम लिहिला होता : चौकटीतल्या पेशी मोजणे. सोपं आहे ना? मग चौकटीच्या रेषेवर अर्धी आत, अर्धी बाहेर असलेली पेशी आली. पहिल्या दिवशी मोजली. चौथ्या दिवशी नाही मोजली. तिसऱ्या आठवड्यात लॅबमधल्या ज्युनिअरने तीच चित्रं मोजली आणि आमचे आकडे जुळेनात.

मी मागे जाऊन पाहिलं तेव्हा आकडे न जुळण्यापेक्षा वाईट गोष्ट दिसली. औषध दिलेल्या गटात मी काठावरच्या पेशी जास्त वेळा सोडल्या होत्या आणि न दिलेल्या गटात जास्त वेळा धरल्या होत्या. मला पेशी कमी व्हायला हव्या होत्या ना! मी खोटं काही लिहिलं नव्हतं. प्रत्येक वेळी मी नियमाचा ‘अर्थ’च लावत होते, आणि प्रत्येक वेळी तो आलेखाला सोयीचा लागत होता. मी माझ्याच नियमावर पॉवर एराटा चढवत होते, तोही न लिहिता.

उपाय हाताशीच होता आणि तो मला बी.एस्सी.ला शिकवलेलाही होता. पेशी मोजायच्या काचेवर, हिमोसायटोमीटरवर, वरच्या आणि डाव्या रेषेवरच्या पेशी धरायच्या, खालच्या आणि उजव्या रेषेवरच्या सोडायच्या. वरची-डावीच का? खास कारण नाही, खालची-उजवीही चालली असती. सात थरांसारखंच, आधी ठरलेलं आणि सगळ्यांना सारखं. सगळी चित्रं पुन्हा मोजली, या वेळी गटांची नावं झाकून. दोन महिने गेले. गटांतला फरक उरला, पण आधीपेक्षा बराच लहान. तोच प्रबंधात जाणार आहे.

तुम्ही सुरुवात कराल तेव्हा

• नियम लिहिला की तो कामाशी संबंध नसलेल्या कुणाला तरी वाचायला द्या आणि ‘याचा अर्थ काय?’ एवढंच विचारा. स्वतः समजावून सांगू नका. गारफील्डला त्याच्या वाक्यातली खोच दुसऱ्याने दाखवली, स्वतःला दिसली नाही.

• काठावरचा पहिला नमुना आला की थांबा. निर्णय घ्या, तो तारखेसकट लिहा, आणि आधीच्या सगळ्या नमुन्यांना तो लावून पाहा.

• नियम बदलावा लागेलच. बदला, पण जुना खोडू नका. जुना, नवा आणि बदलाचं कारण असं तिन्ही शेजारी-शेजारी राहू द्या.

• नमुना वगळायचा असेल तर उघड वगळा, कारणासकट, वेगळ्या यादीत. व्याख्या वाकवून तो हळूच बाहेर काढू नका.

शेवटच्या मुद्द्याबद्दल एक सांगते. गाइडला ते आकडे दाखवायला गेले तेव्हा ओरडा बसेल असं वाटलं होतं. त्यांनी वही उलटसुलट पाहिली आणि एकच विचारलं, ‘काठाचा नियम कुठल्या पानावर आहे?’ तेव्हा तो कुठल्याच पानावर नव्हता. आता पहिल्या पानावर आहे, लाल पेनाने.